आधी तुकडा, मग औषध

(वडगाव, बेळगाव येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



संयोजकांनी मला कॅन्सरवर बोलायला सांगितलं होतं. तो विषय फार मोठा आहे, आणि एवढ्या मोठ्या विषयावर तासभर बोललं तर ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. म्हणून मी त्यातला एक छोटा टप्पा निवडला. मानेत, काखेत, जांघेत किंवा पोटात गाठ दिसते आणि डॉक्टर चिठ्ठीवर लिहितात, 'सोनोग्राफीखाली बायोप्सी करून घ्या.' तिथपासून रिपोर्ट हातात येईपर्यंत काय काय होतं, ते मी आज सांगणार आहे. गाठीचा तुकडा सुईने काढून तपासायला देणं, म्हणजेच बायोप्सी, हे काम मी रोज करते. आपल्या भागातली माणसं नेमकी याच टप्प्यावर अडतात, हेही रोज पाहते. चिठ्ठी घडी करून खिशात जाते, कपाटात पडते, आणि गाठ वाढत राहते.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो त्या गुरुजींनी या पेठेतल्या दोन पिढ्यांना लिहायला-वाचायला शिकवलं. डॉक्टरच्या खोलीतून बाहेर येऊन 'काय म्हणाले ते कळलं नाही बघा' असं सांगणारा विद्यार्थी त्यांना खपला नसता, असं मला वाटतं.

आपल्या अंगात सहाएकशे लसिकाग्रंथी असतात. रक्तातून झिरपलेला पातळ द्रव, म्हणजे लसिका, या ग्रंथींतून गाळून परत रक्तात जातो. जंतू, मेलेल्या पेशी, कॅन्सरच्या सुट्या झालेल्या पेशी ग्रंथीत अडतात, ग्रंथी कामाला लागते आणि फुगते. भेगाळलेल्या टाचेत घाण गेली की जांघेत अवधाण येतं, हे घरातल्या म्हाताऱ्यांना डॉक्टरांच्या आधी कळतं. दाढ किडली की जबड्याखाली गाठ लागते. २०२१ साली कोरोनाची लस टोचून घेतल्यावर पुष्कळ जणांच्या त्याच बाजूच्या काखेत गाठी आल्या आणि काही आठवड्यांत आपसूक गेल्या. तेव्हा बहुतेक गाठी साध्या असतात. हे मी सुरुवातीलाच आणि अगदी जोर देऊन सांगते.

मग तपासायची कोणती? जी तीन-चार आठवड्यांत ओसरत नाही, जी वाढत जाते, जी टणक लागते आणि बोटाखाली सरकत नाही. जिच्याबरोबर संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम आणि वजन घटणं आहे. आणि गळपट्टीच्या हाडाच्या वर, खळग्यात आलेली कुठलीही गाठ, मग ती कितीही लहान असो. डाव्या बाजूच्या या खळग्यातल्या गाठीकडे रुडॉल्फ विरखोव या जर्मन डॉक्टरांनी १८४८ साली लक्ष वेधलं. पोटातली सगळी लसिका छातीतून वर येऊन डाव्या बाजूलाच रक्तात मिसळते. त्यामुळे जठराचा कॅन्सर पोटात काही न जाणवता आधी इथं दिसू शकतो. रुग्ण सांगतो, 'पोटाला काही नाही डॉक्टर, नुसती मानेत गाठ आहे.' आम्ही ती गाठ पाहतो आणि पोटाची सोनोग्राफी करायला घेतो.

गाठीची भीती आपल्याकडे जुनी आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी ताप आणि गाठ पाहून प्लेग ओळखला. पुढच्या वर्षा-दोन वर्षांत प्लेग बेळगाव, धारवाड, हुबळीपर्यंत आला. माणसं घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहिली. जांघेत किंवा काखेत येणारी ती प्लेगची गाठ म्हणजे हीच लसिकाग्रंथी. मानेवर माळेसारख्या येणाऱ्या गाठींना गंडमाळ म्हणत, त्यांतल्या पुष्कळशा क्षयाच्या असत. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी जगासमोर मांडला, पण औषध यायला पुढे साठएक वर्षं गेली. तोवर बिब्बा लावणं, डाग देणं, लेप घालणं एवढंच हातात होतं. डाग दिलेल्या मानेवर सोनोग्राफी करण्याची वेळ माझ्यावर अजून येते.

पण आज जी भीती माणसाला खरोखर अडवते ती वेगळी आहे. 'सुई लावली की ते पसरतंय म्हणतात की वो डॉक्टर.' हे वाक्य मी शिकलेल्या माणसांकडून ऐकलं आहे, शिक्षकांकडून ऐकलं आहे, एकदा तर एका नर्सच्या आईकडून ऐकलं आहे.

ही समजूत कुठून आली असेल, याचा मी पुष्कळ विचार केला. माणूस आधीच उशिरा येतो. गाठ लिंबाएवढी झालेली असते, आजार आत बराच पुढे गेलेला असतो. बायोप्सी होते, निदान होतं, आणि दोन-चार महिन्यांत माणूस जातो. गल्लीला दिसतं ते एवढंच की सुई लावली आणि माणूस गेला. आधीचं वाया गेलेलं वर्ष कुणी मोजत नाही. समजुतीला आणखी एक जुना आधार आहे. पूर्वी क्षयाची गाठ चिरून उघडत, आणि तशी जखम महिनोन्महिने वाहत राहायची. तोंडाच्या कॅन्सरमध्ये तोंड न तपासता मानेची गाठ कापून काढली, तर पुढचं ऑपरेशन अवघड होतं, हेही खरं आहे. पण तो अनुभव चिऱ्याचा आहे. बारीक सुईने तुकडा घेतल्यावर लसिकाग्रंथीतला आजार सुईच्या वाटेने पसरणं इतकं विरळ आहे की जगभर कॅन्सरच्या रुग्णालयांत ही तपासणी रोजची झाली आहे. शरीरातल्या एखाद्या ठिकाणी, उदाहरणार्थ अंडाशयाच्या किंवा वृषणाच्या गाठीत, डॉक्टर मुद्दाम सुई टाळतात. ते कुठे टाळायचं हे त्यांना माहीत असतं, आणि मानेच्या, काखेच्या, जांघेच्या ग्रंथी त्यात येत नाहीत.

सुईला घाबरून थांबणं ही एक चूक. तिच्याइतकीच वाईट दुसरी चूक आहे, आणि ती रुग्ण करत नाही, आमच्या व्यवसायातून होते. आपल्याकडे क्षय पुष्कळ, त्यामुळे मानेत गाठ दिसली की तुकडा न घेताच अंदाजाने क्षयाच्या गोळ्या सुरू करायच्या. अंदाज बरेचदा बरोबर येतो, म्हणून ही सवय टिकून आहे. येळ्ळूर रोडकडच्या एका पॉवरलूमवर काम करणारा एक तरुण माझ्याकडे आला तेव्हा कित्येक महिने क्षयाच्या गोळ्या खात होता. कुठून सुरू झाल्या ते सांगण्यात अर्थ नाही. गाठी वाढतच होत्या. तुकडा घेतला तर निघाला हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचाच कॅन्सर. हा कॅन्सर वेळेवर सापडला तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. त्या मुलाचे उमेदीचे महिने चुकीच्या औषधात गेले, याचं मला आजही वाईट वाटतं.

या आजाराला ज्यांचं नाव आहे त्या थॉमस हॉजकिन यांची गोष्ट इथं सांगण्यासारखी आहे. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये काम करताना त्यांनी १८३२ साली मोठ्या झालेल्या ग्रंथींच्या काही रुग्णांचं वर्णन लिहिलं. पाहणं सगळं नुसत्या डोळ्यांनी. त्यांतल्या काही रुग्णांच्या ग्रंथी रुग्णालयाच्या संग्रहालयात जपून ठेवल्या होत्या. १९२६ साली, जवळजवळ एका शतकानंतर, त्या सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा तपासल्या, तेव्हा काहींत हॉजकिनचा आजार निघाला आणि काहींत निघाला नाही. एवढ्या तयारीच्या डॉक्टरांनाही नुसत्या डोळ्यांनी आणि हातांनी फरक कळला नव्हता. आज माझ्याकडे सोनोग्राफी आहे. क्षयाच्या ग्रंथी एकमेकींना चिकटलेल्या आणि मध्ये सडलेल्या दिसतात, कॅन्सरच्या गोलसर दिसतात, साधी ग्रंथी लांबट असते आणि तिच्या मध्यावर चरबीची पांढरी रेघ दिसते, हे सगळं मी पाहते. तरी मी रिपोर्टमध्ये 'शंका' एवढंच लिहू शकते. नाव ठेवण्याचं काम तुकडाच करतो.

उलटंही होतं. एका मुलीच्या मानेत गाठी आणि ताप होता. घरातल्यांनी कॅन्सर धरून रडारड केली, कुणी क्षय म्हणालं. तुकड्यात निघाला किकुची आजार. जपानी डॉक्टरांनी १९७२ साली तो ओळखला. तो प्रामुख्याने तरुण बायकांत येतो आणि बहुतेक वेळा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप जातो. त्या मुलीला गोळ्यांचा कोर्स लागला नाही आणि किमोथेरपीही लागली नाही.

आता प्रत्यक्ष तपासणीकडे येते.

येताना जुने कागद सगळे आणा: आधीची सोनोग्राफी, सीटी स्कॅनची फिल्म किंवा सीडी, रक्ताचे रिपोर्ट. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर फोनवरच सांगा. हृदयात स्टेंट बसवलेल्या माणसाने ती गोळी आपल्या मनाने बंद करू नये, त्यात जिवाला धोका आहे. ती थांबवायची का, किती दिवस, हे आम्ही त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून ठरवतो. रक्त गोठण्याची तपासणी आणि प्लेटलेटचा आकडा आधी पाहिला जातो. गरोदर असाल, भुलेच्या औषधाची कधी ॲलर्जी झाली असेल, तर सांगा. मानेच्या किंवा काखेच्या वरच्यावर असलेल्या गाठीसाठी उपाशी यायची गरज नसते, उलट नाश्ता करून या. रिकाम्या पोटी भीतीने चक्कर येणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. सीटी स्कॅनखाली पोटातल्या गाठीचा तुकडा घ्यायचा असेल तर मात्र काही तास पोट रिकामं ठेवायला सांगतात. आणि एक माणूस बरोबर आणा.

संमतीपत्रावर सही लागते. आपण सीमाभागात राहतो. कागद कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असतो, आणि मराठी शाळेत शिकलेली बाई तो न वाचता अंगठ्यासारखी सही करते. असं करू नका. त्यात काय लिहिलं आहे, काय धोके आहेत, ते तुमच्या भाषेत समजावून सांगा असं म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. बेळगावच्या कुठल्याही रुग्णालयात मराठी बोलणारं कुणीतरी भेटतंच. दोन मिनिटं लागतात.

मानेची गाठ असेल तर तुम्हाला उताणं झोपवून खांद्याखाली उशी देतात, म्हणजे मान मागे ताणली जाते. गार जेल लावून मी आधी बराच वेळ नुसतं पाहते. कुठली ग्रंथी निवडायची हा निम्मा निर्णय असतो. हाताला सहज लागणारी गाठ सगळ्यात उपयोगाची असेलच असं नाही. जांघेतल्या ग्रंथी तर पायाच्या बारीकसारीक जखमांनी कायमच थोड्या फुगलेल्या असतात, म्हणून पर्याय असेल तर मी त्या सोडते. जिचं रूप जास्त बिघडलं आहे ती मी घेते, आणि तिच्यातही मधला सडलेला भाग सोडून जिवंत कड घेते. मग रंगीत डॉपलर लावते. मानेतल्या ग्रंथीला खेटूनच मेंदूकडे रक्त नेणारी मोठी धमनी जाते, आणि तिच्या शेजारी नीला. पडद्यावर दोन्ही निळ्या-लाल उजळतात. सुई जाईल ती वाट त्यांच्यापासून दूर आखायची. हाताने चाचपून सुई घालण्यात आणि यात हाच फरक आहे: सुई आत शिरल्यापासून तिचं टोक मला क्षणाक्षणाला पांढऱ्या रेघेसारखं दिसत असतं.

कातडी पोव्हिडोन आयोडीनने पुसतात, वर निर्जंतुक कापड घालतात. मग बधिर करण्याचं इंजेक्शन. खरं सांगायचं तर दुखतं ते हेच. दहा-पंधरा सेकंद चांगलं चरचरतं. नंतर जागा बधिर होते आणि त्यानंतर दाब जाणवतो, टोचणं जाणवू नये. टोचलं तर सांगा, आणखी औषध घालता येतं, दात-ओठ खाऊन सोसायची गरज नाही. कातडीला दोन-तीन मिलिमीटरचा छेद देतात. तुकडा घेणारी सुई बहुधा अठरा गेजची असते, म्हणजे जाडी सव्वा मिलिमीटरच्या आसपास. तिच्यात स्प्रिंग असते. बटण दाबलं की आतली सुई पुढे जाते, बाहेरची तिच्यावरून झेपावते आणि मध्ये तुकडा कापला जातो. त्या वेळी 'खट्' असा मोठा आवाज येतो. माणूस दचकतो तो आवाजाने, वेदनेने नाही, आणि दचकून मान हलवणं धोक्याचं. म्हणून मी आधीच सुई बाहेर धरून तो आवाज एकदा ऐकवते. 'आता असा आवाज येणार, हलायचं नाही, गिळायचं नाही, बोलायचं नाही.' दोन ते चार वेळा हे होतं.

बाहेर जे येतं ते पाहून रुग्णाचे नातेवाईक चकित होतात. 'एवढंच?' एक-दीड सेंटिमीटर लांबीचा, पांढरट, सुताच्या तुटलेल्या टोकासारखा धागा. वडगावच्या विणकराला याहून नेमकं मला सांगता येणार नाही. एवढ्याशा धाग्यावर पुढचं सगळं ठरतं.

आणि इथंच एक गोष्ट आहे जी तुम्ही लक्षात ठेवून विचारावी असं मला मनापासून वाटतं. तुकडा एका बाटलीत जातो की दोन? नेहमीची बाटली फॉर्मेलिनची. त्यात पेशी जशाच्या तशा टिकतात, सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतात, पण जंतू मरतात. म्हणजे क्षयाच्या जंतूची वाढ करून कुठलं औषध त्याला लागू पडतं हे पाहायची संधी गेली. क्षयाची शंका असेल तर एक तुकडा साध्या सलाइनमध्ये वेगळा पाठवावा लागतो. त्यावर सीबीनॅट किंवा ट्रूनॅट ही तपासणी होते. ट्रूनॅटचं यंत्र आपल्या शेजारी गोव्यातल्या मोलबायो कंपनीने बनवलं आहे. काही तासांत जंतू आहे की नाही आणि रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध त्याच्यावर चालेल की नाही, दोन्ही कळतं. सरकारी क्षयरोग कार्यक्रमात ही तपासणी फुकट होते. लिम्फोमाची शंका असेल तरीही काही वेळा ताजा तुकडा लागतो. फॉर्मेलिनच्या एकाच बाटलीत सगळं घातलं, की पंधरा दिवसांनी पुन्हा सुई. गरीब माणसाला ती पुन्हा घ्यायला लावणं मला पटत नाही. सुई लावायच्या आधी विचारा: 'टीबीसाठी वेगळा तुकडा पाठवणार का?'

काहींच्या बाबतीत आधी एफएनएसी होते, म्हणजे त्याहून बारीक सुईने नुसत्या पेशी ओढून काचेवर पसरतात. तोंडाच्या कॅन्सरमधून मानेत आलेल्या गाठीसाठी, किंवा क्षयासाठी, ती बरेचदा पुरते. लिम्फोमात पुरत नाही, कारण तिथं पेशींची रचना कशी आहे ते पाहावं लागतं. कधीकधी जाड सुईचा तुकडाही कमी पडतो, आणि शल्यचिकित्सक अख्खी ग्रंथी काढतात. ते सांगितलं तर सुई वाया गेली असं समजू नका. प्रश्न लहान होत होत तिथं पोचलेला असतो.

पोटात मणक्यापाशी किंवा महाधमनीच्या बाजूला गाठ असेल तर सोनोग्राफीत ती आतड्यातल्या वायूमुळे नीट दिसत नाही. मग सीटी स्कॅन. बहुधा पालथं झोपवतात, पाठीच्या स्नायूंतून वाट काढतात. सुई थोडी पुढे सारायची, सगळ्यांनी खोलीबाहेर जायचं, स्कॅन घ्यायचा, परत यायचं, असं चालतं. 'श्वास धरा, सोडा' हे ऐकत राहावं लागतं. यात पाऊण तास सहज जातो. छातीतल्या गाठीसाठी श्वासनलिकेतून दुर्बीण घालून, तिच्या टोकावरच्या सोनोग्राफीने सुई घालण्याची सोयही आता मोठ्या ठिकाणी आहे. छातीच्या बाजूने सुई घातली तर फुप्फुसाभोवती हवा शिरण्याचा धोका असतो, म्हणून नंतर एक्स-रे काढून, काही तास थांबवून मगच सोडतात.

तुकडा घेतल्यावर पाच-दहा मिनिटं जागा दाबून धरतात. टाके पडत नाहीत. छोटी पट्टी, अर्धा-एक तास बसणं, मग घर. एक-दोन दिवस ठणका राहतो, पॅरासिटॅमॉल पुरते. पट्टी दुसऱ्या दिवशी काढून अंघोळ करा. मागावरच्या माणसांना मी एवढंच सांगते की दोन दिवस बीम उचलू नका, बाकी बसून करायचं काम चालेल. जागा भराभर सुजत चालली, रक्त थांबेना, श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास झाला, नंतर ताप येऊन पू दिसला, तर सकाळची वाट न पाहता या. असं क्वचित होतं, पण कधी यायचं ते माहीत असावं.

काखेच्या गाठीबद्दल बहिणींना वेगळं सांगते. लाजून ती दाखवली जात नाही. स्तनाचा कॅन्सर पहिल्यांदा काखेतच पोचतो, आणि काही जणींत गाठ आधी तिथंच हाताला लागते. बाई डॉक्टर हवी, किंवा निदान खोलीत नर्स हवी, असं स्पष्ट म्हणा. अंगावर चादर घेऊन, फक्त काख उघडी ठेवून हे काम होतं.

निपाणीकडच्या एका बाईंची गाठ जबड्याखाली होती. वय साठीच्या पुढे, आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेलेलं, दातांना रोज मिसरी. सुई हातात घ्यायच्या आधी मी त्यांना तोंड उघडायला सांगितलं. मागच्या दाढेपाशी, जिथं चिमूट धरायची सवय होती, तिथंच पांढरट कडांची जखम होती. त्यांना ती माहीत होती. 'ते लई दिसापासनं हाय, दुखत नाही म्हणून सोडलंय.' मुंबईच्या टाटा रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ साली मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या एक हजार रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तंबाखूचं आणि या रोगाचं नातं शोधण्याचं काम आपल्या माणसांनी तेव्हापासून केलं आहे. आणि त्याच रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये दाखवलं की तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन करताना मानेतल्या ग्रंथी गाठ दिसायची वाट न पाहता तेव्हाच काढल्या, तर तीन वर्षांनंतर शंभरातले ऐंशी रुग्ण हयात असतात. वाट पाहिली तर साडेसदुसष्ट. निपाणीच्या तंबाखूवर या भागातली किती घरं उभी राहिली, ते मला माहीत आहे. म्हणूनच वखारीतल्या प्रत्येक बाईने आरशात तोंड उघडून पाहावं, असं मला वाटतं.

रिपोर्ट यायला साधारण आठवडा लागतो. कॅन्सरचा प्रकार ठरवायला खास रंग लावून तपासण्या करायच्या असतील तर आणखी आठवडा, आणि क्षयाच्या जंतूच्या कल्चरला सहा आठवडेसुद्धा. वेळ लागला म्हणजे वाईटच आहे असा अर्थ काढू नका. 'रिॲक्टिव्ह' लिहिलं असेल तर ग्रंथी कशाला तरी उत्तर देते आहे, आजार सापडलेला नाही. तरी महिना-दीड महिन्याने पुन्हा दाखवा, आणि गाठ वाढली असेल तर पुन्हा तुकडा मागा. 'ग्रॅन्युलोमा' आणि 'नेक्रोसिस' बहुधा क्षयाकडे बोट दाखवतात. क्षय असेल तर औषध बहुतेकांना सहा महिने, फुकट, शिवाय नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिन्याला एक हजार रुपये खात्यात येतात. औषध चालू असताना गाठ मध्येच मोठी झाली तर घाबरून गोळ्या सोडू नका. मेलेल्या जंतूंवर शरीर उसळतं म्हणून काहींत असं होतं. डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक विनंती, ही औषध देणाऱ्यांना आहे आणि घेणाऱ्यांनाही. निदानाआधी स्टेरॉइड देऊ नका, घेऊ नका. गाठ आणि ताप दोन्ही उतरतात, माणूस खूश होतो. लिम्फोमा असेल तर तेवढ्यापुरता दबतो आणि मग तुकड्यातसुद्धा ओळखू येत नाही.

पूर्वी या भागातली माणसं एवढ्याशा तपासणीसाठी मिरजेला जायची. तिथं डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभं केलं. किंवा मुंबईला, १९४१ साली सुरू झालेल्या टाटाला. आता ३ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते केएलई संस्थेचं कॅन्सर रुग्णालय बेळगावातच सुरू झालं आहे. बीपीएल रेशनकार्ड असेल तर ते आणि आधार कार्ड पहिल्याच दिवशी बरोबर ठेवा. आरोग्य कर्नाटक योजनेत काय बसतं, ते तिथल्या योजनेच्या खिडकीवर विचारा.

तरीही काही जणांना मिरजेला किंवा मुंबईला दुसरं मत घ्यायला जावंसं वाटतं. जरूर जा. पण जाताना नुसता रिपोर्टचा कागद घेऊन गेलात तर तिथले डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील, 'स्लाइड आणि ब्लॉक कुठे आहेत?' तुमचा तुकडा मेणात बसवलेला असतो, काडेपेटीहून लहान असा चौकोनी ठोकळा. त्याच्या पातळ चकत्या कापून काचेवर लावतात, त्या स्लाइड. प्रयोगशाळा ब्लॉक आणि स्लाइड वर्षानुवर्षं जपून ठेवतात आणि अर्ज केला, सही केली, की देतात. त्यावर तुमचा नंबर लिहिलेला असतो, तो रिपोर्टवरच्या नंबराशी तिथंच, खिडकीपाशी उभं राहून जुळवून घ्या. उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ब्लॉक ठेवू नका, मेण वितळतं. मुंबईत तो ब्लॉक पुन्हा कापून पाहतील, आणि बहुतेक वेळा दुसऱ्यांदा सुई घ्यावी लागणार नाही.